गडी किती जमले?
(ऑनलाइन खेळांतील खेळाडूसंख्या उघड करण्याच्या प्रश्नाविषयी)

खो-खोच्या संघाला मैदानावर नऊ गडी लागतात, कबड्डीच्या संघाला सात. खेळायला निघालेला माणूस मैदानाकडे दुरूनच एक नजर टाकतो आणि किती जण जमले आहेत हे पाहतो. पुरेसे गडी नसतील तर तो कुणाला हाक मारून बोलावतो, आहेत तेवढ्यांत खेळता येईल असा दुसरा खेळ सुचवतो, नाहीतर घरी परततो. ही मोजणी इतकी सहज घडते, की तीही खेळाचा भाग आहे हे आपल्या लक्षात येत नाही. ऑनलाइन खेळांत मात्र मैदान नजरेस पडत नाही. तेथे किती खेळाडू उपस्थित आहेत हे खेळ चालवणाऱ्या कंपनीला नेमके ठाऊक असते, खेळाडूला नसते. ही संख्या खेळाडूला दिसावी काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. माझ्या मते ती दिसली पाहिजे, आणि खेळाची एकूण संख्या न देता प्रत्येक खेळप्रकाराची स्वतंत्र संख्या दिली पाहिजे.

स्वतंत्र संख्येचा आग्रह का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्याकडे सर्वपरिचित असलेल्या पबजी या खेळात एका सामन्यात शंभरापर्यंत खेळाडू असतात. तो एकट्याने, दोघांच्या जोडीने किंवा चौघांच्या गटाने खेळता येतो. शिवाय पडद्यावरील पात्राच्या मागून पाहत खेळायचे की त्याच्या डोळ्यांनी पाहत, अशीही निवड असते. म्हणजे एकाच खेळाचे सहा प्रकार झाले. समजा, एका प्रदेशात सहाशे खेळाडू उपस्थित आहेत आणि ते या सहा प्रकारांत समान विभागले गेले आहेत. तर प्रत्येक प्रकारात जेमतेम एका सामन्यापुरते खेळाडू उरतात. त्यांतील बहुतेक आधीच खेळात गुंतलेले असले, तर नव्याने आलेल्याला ताटकळावे लागते. त्यात पुन्हा कौशल्याच्या पातळीनुसार प्रतिस्पर्ध्यांची निवड केली, तर रांगेचे आणखी तुकडे होतात. त्यामुळे ‘हा खेळ लाखो लोक खेळतात’ हे विधान खरे असूनही आपल्याला हव्या त्या प्रकारात, आपल्या प्रदेशात, या घटकेला सामना मिळेल की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही.

पूर्वी ही अडचण कमी होती. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या जुन्या खेळांत सर्व्हरांची यादी समोर येई आणि प्रत्येकापुढे तेथील उपस्थित खेळाडू व उपलब्ध जागा यांचे आकडे असत. पुढे संगणकानेच खेळाडूंची जुळणी करण्याची पद्धत रुजली. २००४ च्या ‘हेलो २’ या खेळाचा त्यात मोठा वाटा होता. या पद्धतीमुळे सोय झाली, पण यादी गेली आणि तिच्याबरोबर आकडेही अनेक ठिकाणी गेले. त्याच मालिकेतील २००७ च्या ‘हेलो ३’ मध्ये प्रत्येक प्रकारात किती खेळाडू आहेत हे दाखवले जात होते. म्हणजे स्वयंचलित जुळणी आणि उघड संख्या यांत तांत्रिक विरोध नाही. आजही ‘रोब्लॉक्स’मध्ये प्रत्येक खेळापुढे त्या क्षणीची खेळाडूसंख्या दिसते. संख्या झाकणे हा निर्णय आहे, नाइलाज नव्हे.

या निर्णयामागील युक्तिवाद मात्र दुर्लक्ष करण्यासारखा नाही. संख्या दाखवली की माणसे गर्दीकडे वळतात, गर्दीचा प्रकार अधिक गजबजतो आणि ओस पडत चाललेला प्रकार पुरता ओस पडतो, असे कंपन्यांच्या बाजूने म्हटले जाते. त्याला संशोधनाचा आधारही आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १४,००० हून अधिक लोकांना अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी ऐकण्यास दिली होती. काही गटांना इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले हे दाखवले, एका गटाला दाखवले नाही. जेथे आकडे दिसत होते, तेथे लोकप्रिय आणि उपेक्षित गाण्यांतील दरी वाढली आणि कोणते गाणे यशस्वी ठरेल हे सांगणेही अवघड झाले. आकडा केवळ आवड मोजत नाही, तो आवड घडवतोही. सोनी कंपनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, तेव्हा ‘स्टीम’ या मंचावर एका वेळी उपस्थित असलेल्यांची सर्वाधिक संख्या सातशेच्याही आत राहिली. त्या आकड्याचीच बातमी झाली आणि ६ सप्टेंबरला खेळ बंद करण्यात आला. प्रतिस्पर्धी खेळ निःशुल्क असताना हा खेळ विकत घ्यावा लागत होता, तेव्हा अपयशाचे खापर केवळ आकड्यावर फोडता येणार नाही. तरीही आकड्याने त्याची वाट सुकर केली नाही, हे मान्य करावे लागेल.

आपल्या कायद्यानेही हे तत्त्व एका क्षेत्रात स्वीकारले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मतदान सुरू असताना मतदानोत्तर चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध करता येत नाहीत. इतरांनी काय निवडले याचा प्रभाव मतदारावर पडू नये, हा त्यामागील हेतू. मग खेळाडूलाही असेच संरक्षण का देऊ नये?

येथेच दोन्ही परिस्थितींतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. मतदाराचे मत एकट्याचे असले तरी मोजले जाते. गाणे एकट्याने ऐकले तरी ते तेवढेच गोड लागते. या दोन्ही ठिकाणी इतरांची संख्या वस्तूच्या बाहेरची आहे. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात मात्र इतर माणसे हीच वस्तू असते. गडी नसतील तर खेळच नाही. म्हणून गाण्यापुढील आकडा ही शिफारस ठरते, खेळप्रकारापुढील आकडा ही माहिती असते. रेल्वे प्रतीक्षा यादीतील क्रमांक सांगते तो प्रवाशाला बिथरवण्यासाठी नव्हे, त्याने वेळीच दुसरा मार्ग धरावा म्हणून.

शिवाय संख्या लपवल्याने ओस पडणारा प्रकार वाचतो, हे गृहीतकही दुबळे आहे. संख्या लपली तरी प्रतीक्षा लपत नाही. दहा मिनिटे रांगेत थांबून सामना न मिळालेला खेळाडू जे समजायचे ते समजतोच, फक्त त्याची किंमत वेळेत मोजून. नोकरी, घरकाम आणि अभ्यास यांतून रात्री अर्धा तास काढणाऱ्या प्रौढ माणसासाठी ही किंमत क्षुल्लक नाही. काही खेळ ही पोकळी संगणकचालित खेळाडूंनी, म्हणजे बॉटांनी, भरून काढतात. आपल्या अंगणातल्या खेळातही लिंबूटिंबू असतो, पण तो कोण आहे हे सर्वांना ठाऊक असते. येथे आपण माणसाला हरवले की यंत्राला, हेच पुष्कळदा कळत नाही.

उघड संख्येचा आणखी एक लाभ आहे. थॉमस शेलिंग यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात एक कोडे मांडले होते: न्यूयॉर्कमध्ये एकमेकांना भेटायचे आहे, पण स्थळ-वेळ ठरलेली नाही, तर कुठे व केव्हा जाल? बहुतेकांनी ग्रँड सेंट्रल हे स्थानक आणि दुपारी बाराची वेळ सांगितली. सामाईक खूण असली की न बोलताही माणसे जमतात. एखाद्या प्रकाराचे खेळाडू थोडे असले, तरी ते रात्री नऊच्या सुमारास जमतात असे दिसले, तर उरलेलेही त्याच वेळी येतील. अंधारात मात्र एक आठला येऊन जाईल, दुसरा दहाला, आणि दोघेही प्रकार बंद पडला असे समजतील.

म्हणून प्रश्न संख्या कशी दाखवावी, इतकाच उरतो. लोकप्रियतेची क्रमवारी लावण्याची गरज नाही. तिने गर्दीचा ओढा वाढतो, हे वर पाहिलेच. प्रत्येक प्रकारापुढे आपल्या प्रदेशातील त्या घटकेची संख्या, अपेक्षित प्रतीक्षा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी खेळाडू अधिक असतात हे तिन्ही असावे. बॉट सामील होणार असतील तर तसे आधी सांगावे. आणि खेळ विकत घ्यावयाचा असेल, तर ही माहिती पैसे भरण्यापूर्वी मिळावी. ज्या प्रकारात खेळाडू उरलेच नाहीत, तो उघडपणे बंद करावा किंवा दुसऱ्या प्रकारात विलीन करावा. त्याचे दार उघडे ठेवून आत कुणी नाही हे न सांगणे, हा येणाऱ्याच्या वेळेचा अपमान आहे.