सीमेवरचा पूल कोणाचा?

अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे. तिच्यावरचा अँबॅसेडर पूल 1929 साली खुला झाला, तेव्हा जगातल्या सगळ्या झुलत्या पुलांमध्ये त्याचा मधला गाळा सर्वांत लांब होता. दोन देशांतल्या मालव्यापाराचा जवळजवळ चौथा हिस्सा या चार पदरांवरून जात आला आहे. मोटारीचे सुटे भाग कारखान्यात साठवून ठेवत नाहीत. ते ट्रकमधून उतरतात आणि थेट जोडणीला लागतात. एवढ्या मोलाचा हा पूल सरकारी नाही, एका कुटुंबाचा आहे.

मालवाहतुकीच्या धंद्यातले मॅटी मोरून यांनी 1979 मध्ये तो ताब्यात घेतला. पासपोर्ट आणि कस्टमची तपासणी सरकारची, टोल मात्र मालकाचा. पूल मुळात खासगी पैशांतून उभा राहिला होता, त्यामुळे टोल घेण्यात वावगं काही नव्हतं. माझा आक्षेप पुढच्या वागण्याला आहे. शेजारी सरकारी पूल बांधायचं ठरू लागलं, तेव्हा मोरून यांनी तो अडवायला जंग जंग पछाडलं. कोर्टकज्जे झाले. नव्या आंतरराष्ट्रीय पुलासाठी आधी जनतेचा कौल घ्यावा, अशी दुरुस्ती मिशिगनच्या राज्यघटनेत करून घेण्यासाठी 2012 मध्ये तीन कोटी डॉलरहून अधिक खर्च करून प्रचार झाला. मतदारांनी ती फेटाळली. मला त्या मतदारांचं फार कौतुक वाटतं.

एकाच वाटेवर विसंबण्याचा धोका फेब्रुवारी 2022 मध्ये सगळ्यांना दिसला. कोविडच्या निर्बंधांविरोधातल्या आंदोलकांनी विंडसरच्या बाजूने पुलाची वाट जवळपास आठवडाभर अडवली आणि दोन्ही देशांतल्या मोटार कारखान्यांना उत्पादन कमी करावं लागलं.

नव्या पुलाचं काम 2018 मध्ये सुरू झालं. गॉर्डी हाऊ या आइस हॉकीपटूचं नाव त्याला दिलं आहे. जन्माने कॅनडाचा, कारकीर्द गाजवली डेट्रॉइटच्या संघाकडून. मधला गाळा 853 मीटर, सहा पदर, शिवाय पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट. खर्च सगळा कॅनडाने उचलला, अगदी मिशिगनच्या हद्दीतल्या जोडरस्त्यांचाही, आणि तो टोलमधून वसूल व्हायचा आहे. मालकी मात्र कॅनडा आणि मिशिगन राज्य यांची सामाईक.

मालकीचा असाच प्रश्न आपल्याकडेही उठला होता. कोल्हापूरकरांनी शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षं लढून तो बंद पाडला, कारण रस्ता आपला आणि नाका दुसऱ्याचा, हे त्यांना मान्य नव्हतं. टोल भरायला माझी हरकत नाही. पण कॅनडाने शेजाऱ्याच्या वाट्याचाही खर्च उचलून पुलाची मालकी सार्वजनिक ठेवली, हा मला अलीकडच्या काळातला शहाणपणाचा निर्णय वाटतो.