ते मशीन माळ्यावर टाकू नका

घरात झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं सीपॅपचं मशीन आलं, दोन-चार रात्री लावून पाहिलं आणि मग खोक्यात घालून माळ्यावर टाकलं, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. आणि ज्यांच्या शेजारचं माणूस घोरता घोरता एकदम गप्प होतं, दचकून पुन्हा श्वास ओढतं आणि सकाळी ‘मला तर छान झोप लागली’ म्हणतं, त्यांच्यासाठीही.

आपल्याकडे घोरणं हा चेष्टेचा विषय. कुंभकर्ण म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण घोरणं थांबतं त्या शांततेत घसा मिटलेला असतो. छाती-पोट हलतं, हवा मात्र आत जात नाही. हाच स्लीप ॲप्निया. असा अडथळा १० सेकंद किंवा त्याहून जास्त टिकला की झोपेच्या तपासणीत तो मोजला जातो. असे अडथळे तासाला ५ पेक्षा कमी असतील तर चिंता नाही, ३० च्या पुढे गेले की आजार तीव्र. म्हणजे दर दोन मिनिटांनी मेंदूला माणसाला अर्धवट जागं करावं लागतं. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, रक्तदाब चढतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी ऐकत नाही, त्यांच्यापैकी अनेकांच्या मागे हेच दुखणं असतं. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण सांगताना याच विकाराचं नाव घेतलं. चार दिवस चर्चा झाली आणि आपण विसरलो.

हा फक्त जाड पुरुषांचा आजार, हाही गैरसमजच. बारीक अंगकाठीच्या, आत गेलेल्या हनुवटीच्या माणसांनाही तो होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये वाढतो. बाई मात्र डॉक्टरांना थकवा सांगते, डोकेदुखी सांगते, झोप लागत नाही म्हणते. आपण घोरतो हे सांगायची तिला लाज वाटते, आणि घरचे म्हणतात, कामाने दमली असेल. त्या घरांतल्या मुलांना माझी विनंती : आईची रात्र एकदा ऐका, जमल्यास मोबाइलवर टिपा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता मशीनबद्दल. १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी दाखवलं की नाकावाटे हवेचा हलका दाब दिला तर घसा मिटत नाही. तत्त्व आजही तेच आहे. हा व्हेंटिलेटर नव्हे. कोविडनंतर मास्क पाहिला की भेटायला आलेल्यांचे चेहरे पडतात, म्हणून मुद्दाम सांगतो. मशीन तुमच्यासाठी श्वास घेत नाही, ऑक्सिजनही देत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने आत सोडतं, बस्स.

सुरुवातीला त्रास होतो, तो मी भोगलेला आहे. पण माणसं मशीन सोडून देतात ती बहुतेकदा दुरुस्त होण्याजोग्या कारणांनी. हवेची गळती होते म्हणून मास्कचे पट्टे करकचून आवळतात, मग नाकावर वळ उठतात आणि गळती आणखी वाढते. पट्टे उभ्याने नव्हे, आडवं पडून, हवा चालू ठेवून बसवायचे. मास्कचं माप चुकलं असेल तर विक्रेत्याकडून बदलून घ्या. संकोच कसला, पैसे मोजलेत तुम्ही. तोंड कोरडं पडत असेल तर झोपेत ते उघडं राहत असणार. नाक-तोंड झाकणारा मास्क आणि हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर यांबद्दल डॉक्टरांना विचारा. गुदमरल्यासारखं वाटतं? मग दिवसा टीव्ही पाहताना मास्क लावून बसा, आधी नुसता, नंतर हवा सुरू करून. दाब हळूहळू चढवण्याची सोय बहुतेक मशीनमध्ये असते, ती सुरू करून घ्या. मास्कच्या भोकातून सतत हवा सुटते ती गळती नव्हे. उच्छ्वासाची हवा तिथूनच बाहेर जाते. ते भोक कापसाने बुजवू नका. ह्युमिडिफायरच्या टाकीत नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घाला. गावाकडे वीज जाते, तिथे मशीन इन्व्हर्टरवर चालवताना पाणी तापवणं बंद ठेवलं की बॅटरी जास्त टिकते. मशीन बंदच पडलं तर मात्र मास्क काढून ठेवा.

स्वस्तात जुनं मशीन मिळतंय म्हणून घेणाऱ्यांना इशारा. दाब प्रत्येकाचा वेगळा, दुसऱ्याच्या दाबावर तुमचा घसा उघडेलच असं नाही. शिवाय जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या भीतीने लाखो मशीन परत बोलावली होती. त्यातलंच एखादं तर आपल्याकडे नाही ना, हे मॉडेल आणि नंबर पाहून कंपनीकडे विचारून घ्या. पण घाबरून परस्पर उपचार थांबवू नका, डॉक्टरांशी बोला.

गाडी चालवताना, सिग्नलला थांबल्यावर डुलकी येणाऱ्यांनी तपासणी होईपर्यंत स्टिअरिंग हाती घेऊ नये. ट्रक आणि बसमालकांनो, हे सांगणाऱ्या ड्रायव्हरला घरी बसवाल तर पुढचा कुणी तोंड उघडणार नाही. त्याची तपासणी करा. गणेशोत्सवात आरोग्य शिबिरं भरवणाऱ्या मंडळांनी शुगर-बीपीच्या टेबलावर एक टेपही ठेवावी. गळ्याचा घेर १६ इंचांच्या वर, मोठं घोरणं आणि दिवसा पेंग, असं दिसलं की त्या माणसाला झोपेच्या तपासणीसाठी पाठवा.

आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, मग ते मोतीबिंदूचं का असेना, त्यांनी हा आजार भूलतज्ज्ञांना आधीच सांगावा. भुलीच्या आणि गुंगीच्या औषधांनी घसा आणखी सैल पडतो. दाखल होताना स्वतःचं मशीन आणि मास्क बॅगेत घ्या, आणि शुद्धीवर आल्यावर ते लावायचं आहे हे नर्सला आणि सोबतच्या माणसाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.