टेबलं घोकू नका!

एमएससाठी फ्रान्सला जायचं म्हणून आपल्यातले कितीतरी जण फ्रेंचचा क्लास लावतात आणि इर्रेग्युलर व्हर्ब्ज सुरू झाली की गायब होतात. माझ्या मते दोष फ्रेंचचा नाही, टेबलं घोकायला लावणाऱ्या पद्धतीचा आहे.

'ब्वार' म्हणजे पिणे. ज्य ब्वा, नू ब्यूव्हों, इल ब्वाव्ह. भयंकर वाटतं ना? पण लिहिताना शेवटी काय येतं ते बघा: एस, एस, टी, ओएनएस, ईझेड, ईएनटी. 'व्हनीर' म्हणजे येणे, त्यालाही हेच. बदलतो तो धातू, प्रत्यय नाही! त्यातून एकवचनाचे तिन्ही आणि शेवटचा ईएनटी बोलताना चक्क मुके.

खरे बंडखोर थोडेच. 'व्हू', म्हणजे 'तुम्ही'बरोबर ईझेड नाकारणारे मुख्य तीनच: एत, फेत, दित. असणे, करणे, सांगणे. सगळी रोजच्या तोंडातली क्रियापदं, म्हणून तर त्यांचा जुना हट्ट टिकला. मराठीत तरी काय, 'जातो'चं 'गेलो' होतंच की! आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनाही ते टेबल देऊन कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा क्लासवाल्यांनी आधी हे सहा प्रत्यय द्यावेत, मग धातू, आणि बंडखोर सरळ वाक्यांतून बोलून घ्यावेत. टेबल हवं त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहावं.