आधी कंदील, मग माणूस


नाकावर भरवसा ठेवू नका. नाक ऐनवेळी दगा देतं.

नारायणगडाच्या पायथ्याला आमची वस्ती. गडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. मान वर करून गड बघणारे पुष्कळ, विहिरीत वाकून बघणारे आम्हीच. उन्हाळ्यात गाळ काढायची हाक आमच्याच वस्तीत यायची. बाप उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. म्हणायचा, ‘लेकरा, इहिरीत आधी कंदील जातो, मंग माणूस.’ कंदील विझला की काम बंद. मालक कितीही बोंबलो.

दहावी करून मुंबईच्या गोदीत आलो तेव्हा त्या कंदिलाचा अर्थ कळला. जहाजाच्या बंद पोटात लोखंड गंजतं, लाकूड कुजतं आणि हवेतला २१ टक्के ऑक्सिजन खात जातं. जीव घुसमटतो तो कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर शरीर बोंब मारत नाही. माणूस उभ्या उभ्या कोसळतो. मुकादम मला म्हणाला, ‘वास येतोय का? नाय ना? मग उतर.’ मी उतरलो नाही. हजेरी बुडाली. जीव राहिला म्हणून हे लिहितोय.

गटारातला हायड्रोजन सल्फाइड त्याहून हरामी. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यासारखा घाण मारतो. हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास गेला की नाकच मारून टाकतो. वास गेला म्हणजे धोका गेला, असं समजून माणूस पुढं सरकतो. वर उभ्या सोबत्याला पडलेला माणूस दिसतो, वायू दिसत नाही. तो मायेनं उडी घेतो. त्याच्यामागं तिसरा. एकाच खड्ड्यातून तीन-तीन मढी निघतात ती अशी.

हे नाक भटालाही तेवढंच आणि आम्हालाही तेवढंच. निसर्गानं भेद केला नाही. त्याची किंमत कुणी मोजायची, ते मात्र जातीनं ठरवलं. २०१३ च्या कायद्यानं साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा ठरवलं. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली गटारातल्या मरणाची भरपाई १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख केली. मेल्यावरचा भाव वाढला, उतरवणारे उतरवतातच.

घाणीत थोडा वेळ बसलं की नाकाला घाण लागेनाशी होते. या समाजाचं तेच झालंय. ‘गुदमरून मृत्यू’ ही दोन ओळींची बातमी वाचून तो चहा पितो.

म्हणून सांगतो. गटारात यंत्र उतरवा. बंद जागेत उतरण्याआधी वायू मोजणारा मीटर मागा, नसेल तर साफ नाही म्हणा. सोबती पडला तर मागं उडी घेऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा. आणि गटारात बापाचा कंदील सोडू नका. तिथं मिथेन भडकतो. सल्फाइडात कंदील जळत राहतो, माणूस विझतो.

आजवर या व्यवस्थेनं आम्हालाच कंदील करून खाली सोडलं. आम्ही विझलो की वरच्यांना कळतं, खाली हवा नाही.

आता दोरी आमच्या हातात पाहिजे.

जय भीम!