कार्यालयीन माहिती सर्वांना खुली, पण कोणत्या मर्यादेत?

नवी दिल्ली : कार्यालयात साठलेली माहिती प्रत्येक कर्मचाऱ्याला साध्या प्रश्नातून मिळावी, या हेतूने देशातील अनेक संस्था ‘एआय एजंट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रणालींकडे वळत आहेत. नेहमीच्या भाषेतील प्रश्न समजून घेऊन नोंदी शोधणे, आकड्यांची तुलना करणे आणि प्रसंगी पुढील कामही पार पाडणे, हे या प्रणालींचे स्वरूप आहे. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो आणि कॉग्निझंट या चार कंपन्या प्रत्येकी ५० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची ‘कोपायलट’ प्रणाली उपलब्ध करून देणार असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. या कंपन्यांची राजधानी क्षेत्रातही कार्यालये आहेत.

आतापर्यंत अशी माहिती हवी असल्यास कनिष्ठ कर्मचाऱ्याला संगणक विभागाकडे मागणी नोंदवून वाट पाहावी लागत असे. तयार अहवाल प्रामुख्याने वरिष्ठांपर्यंत पोहोचत. ही दरी मिटणे, हा या बदलाचा खरा लाभ आहे.

मात्र राजधानीतच या उत्साहाला आवर घालणारा निर्णयही झाला. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी परिपत्रक काढून कार्यालयीन संगणक आणि उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने टाळण्याची सूचना केली. सरकारी दस्तऐवजांच्या गोपनीयतेला धोका, हे त्यामागील कारण होते. हा तंत्रज्ञानाला विरोध होता, असे म्हणता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपयांच्या ‘इंडिया एआय’ अभियानाला मंजुरी दिली होती. प्रश्न माहिती कोणाच्या संगणकावर जाते, हा होता.

तथापि, प्रणाली संस्थेच्या स्वतःच्या संगणकावर ठेवल्यानेही प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. वेतन, वैद्यकीय रजा, शिस्तभंगाची कारवाई या नोंदी सर्वांनी पाहण्याच्या नसतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तर तक्रारीचा तपशील उघड करण्यास मनाई केली आहे. अनेक कार्यालयांत जुन्या फायलींवर पुरेसे निर्बंध नसतात. त्या सापडणे अवघड असल्यामुळेच सुरक्षित राहतात. एजंट त्या क्षणात शोधून काढतो. म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्याला जेवढे अधिकार आहेत, तेवढेच एजंटला असावेत, हे तत्त्व महत्त्वाचे ठरते.

दुसरा धोका बाहेरून येतो. कोपायलटमधील ‘एकोलीक’ नावाची त्रुटी जून २०२५ मध्ये उघड झाली. ईमेलमध्ये दडवलेल्या सूचनांच्या आधारे, कर्मचाऱ्याने कोठेही क्लिक न करता संस्थेची माहिती बाहेर नेता येऊ शकते, हे संशोधकांनी दाखवून दिले. मायक्रोसॉफ्टने ही त्रुटी दूर केली.

कायद्याची चौकटही आता स्पष्ट होत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोकरीच्या काही प्रयोजनांसाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्यास हा कायदा मुभा देतो. परंतु ती प्रत्येक सहकाऱ्याला दिसावी, असा त्याचा अर्थ होत नाही.

यासंदर्भात २००५ चा माहिती अधिकार कायदा मार्गदर्शक ठरतो. नागरिकाला माहिती देण्याआधी नोंदी वर्गीकृत आणि सूचीबद्ध ठेवण्याचे कर्तव्य त्याच्या चौथ्या कलमाने सरकारी कार्यालयांवर सोपवले. एजंटलाही हाच नियम लागू पडतो. एकाच ‘थकबाकी’चे दोन विभागांत दोन अर्थ असतील, तर मिळणारे उत्तर अस्खलित असूनही चुकीचे असू शकते. उत्तरासोबत मूळ नोंदीचा निर्देश असणे आणि निर्णयाखाली जबाबदार अधिकाऱ्याची स्वाक्षरी राहणे, या दोन गोष्टी पाळल्या तरच माहितीच्या खुलेपणाचा लाभ सामान्य कर्मचाऱ्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचेल.