यंत्रास जाब कोणी विचारावा?

१९५६ च्या पुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिलेल्या पांढुर्णा-सौंसरच्या मराठी मुलखास २०२३ साली स्वतःचा जिल्हा लाभला. सरकार जवळ आले म्हणावे, तोच कचेरी पडद्याआड गेली! शिधा हवा तर ‘समग्र’ क्रमांक आणा, यंत्रावर अंगठा टेका. संत्र्याच्या बागेत कुदळ चालवून ज्याच्या बोटांच्या रेषाच झिजल्या, त्यास यंत्र ओळखीत नाही. आणि जाब विचारावा तर कारकून यंत्राकडे बोट दाखवितो. (जामसावळीच्या मारुतीस गाऱ्हाणे घालताना अंगठा लागत नाही, हे आमचे भाग्य!) २०१० च्या लोकसेवा हमी कायद्याने विलंबास दंड ठेविला खरा, पण जो अर्ज यंत्रात शिरलाच नाही, त्याचे दिवस मोजणार कोण? घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने राज्यात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा खिडकीपाशी माणूस बसवा, मराठी अर्ज हाती घ्या आणि नकार द्यावयाचा तर सहीनिशी द्या, एवढीच आमची मागणी आहे.