पगाराचा आकडा आणि पगाराचे मोल

एकाच पदवीधराच्या हाती मुंबईचे आणि नागपूरचे अशी दोन नेमणूकपत्रे आली, की घरातल्यांची दृष्टी प्रथम पगाराच्या आकड्यावर जाते. मोठा आकडा म्हणजे मोठा पगार, ही समजूत सुशिक्षित कुटुंबांतही दृढ आहे. परंतु पगाराचे खरे मोल त्यातून त्या गावी काय विकत घेता येते, यावर ठरते.

उदाहरणादाखल असे धरू की, नागपुरात हाती ३०,००० रुपये पडतात. घरभाडे ९,०००, किराणा व इतर घरखर्च ११,००० आणि प्रवास १,५०० वजा जाता ८,५०० उरतात. मुंबईत ४५,००० मिळाले आणि भाडे १८,०००, घरखर्च १५,००० व प्रवास २,५०० धरला, तर ९,५०० उरतात. दर्शनी फरक पंधरा हजारांचा, प्रत्यक्षात एक हजाराचा! घरमालकाकडे अडकणारी अनामत रक्कम निराळीच. भाडे वाचविण्यासाठी बदलापूर किंवा विरार गाठले, तर दक्षिण मुंबईत नोकरी करणाऱ्याचे रोजचे सुमारे तीन तास लोकलगाडीत जातात. तो खर्च कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही.

याचा अर्थ महानगराची वाट धरणारे अडाणी आहेत, असा नव्हे. कापड, पुस्तके, मोबाईल यांच्या किमती सर्वत्र जवळपास सारख्याच असतात. पती-पत्नी दोघांनाही काम मिळण्याची आणि एक नोकरी सुटल्यास दुसरी सापडण्याची शक्यता मोठ्या शहरात अधिक. शिवाय चौघांत एक खोली घेऊन राहणारा एकटा तरुण जे पैसे गावी धाडतो, ते मुंबईच्या दराने मिळवलेले आणि रत्नागिरीच्या दराने खर्च होणारे असतात. कोकणातील कित्येक घरे याच फरकावर उभी राहिली. मात्र तोच तरुण संसार थाटून मुंबईत राहू लागला, की हा लाभ आटतो. सारांश, हिशेब प्रत्येकाच्या परिस्थितीनुसार बदलतो.

व्यक्तीने हा हिशेब घरी मांडावा. पण सरकारी मोजमाप तरी अचूक आहे काय? केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या अखिल भारतीय निर्देशांकावर ठरतो. ८८ केंद्रांच्या या निर्देशांकात २०१६ हे पायाभूत वर्ष असून त्या वर्षीची पातळी प्रत्येक केंद्रात १०० मानली आहे. साहजिकच तो एका ठिकाणची महागाई काळाच्या ओघात किती वाढली, हे सांगतो. एक शहर दुसऱ्याहून किती महाग, हे सांगत नाही. दोन शहरांचे आकडे समान आले म्हणून तेथील भाडी समान ठरत नाहीत.

स्थानिक फरक भरून काढण्याचे काम मुख्यतः घरभाडे भत्त्याकडे आहे. त्यासाठी शहरांची वर्गवारी होते ती लोकसंख्येवरून, भाड्यांवरून नव्हे. म्हणून मुंबई आणि पुणे एकाच वर्गात बसतात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचल्यामुळे जानेवारी २०२४ पासून या भत्त्याचे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. १८,००० रुपये मूळ वेतनाच्या शिपायाला त्यानुसार मुंबईत ५,४०० आणि नागपुरात ३,६०० रुपये मिळतात. दोन्ही शहरांच्या भाड्यांतील तफावत १,८०० रुपयांत भागते, असे कोणता भाडेकरू म्हणेल? ५६,१०० मूळ वेतनाच्या अधिकाऱ्याला मात्र मुंबईत १६,८३० मिळतात. खोलीचे भाडे भाडेकरूच्या वेतनश्रेणीप्रमाणे कमी होत नाही. त्यामुळे महानगराचा सर्वाधिक भार सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाच्या माथी येतो.

आठवा केंद्रीय वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थापन झाला. घरभाडे भत्त्याची किमान रक्कम त्या त्या शहरातील लहान घराच्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडावी, ही मागणी कर्मचारी संघटनांनी त्याच्यापुढे लावून धरणे अगत्याचे आहे. काळाप्रमाणे स्थळाचीही महागाई मोजल्याखेरीज समान कामाला समान वेतन हे तत्त्व कागदावरच राहील.